जोडावरचं नाव

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं नाव आधी पंख्यावर जातं. जळगावातल्या पिंप्राळ्याच्या आमच्या वसाहतीतल्या बुद्धविहारात प्रत्येक पंख्याच्या पात्यावर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं असायचं, ‘कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ’. पंखा बंद असला की गेलेली माणसं वाचता यायची, सुरू झाला की सगळी एकमेकांत मिसळून जायची. बाकांवर नावं, पाण्याच्या टाकीवर नाव, भिंतीवरच्या घड्याळावर नाव. चपलांच्या स्टँडवरसुद्धा एका सासूबाईंचं नाव होतं. सुनेनं तो स्टँड प्रेमानं दिला की उट्टं काढायला, यावर आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसायचो.

हसायचो खरं, पण मला त्यातलं कळायचंही. ज्यांच्या आजा-पणजांचं नाव गावात कुठल्या दगडावर कधी चढलं नाही, त्यांना नाव वर लावायची असोशी असणारच. बाहेरच्यानं त्याची चेष्टा केलेली मला खपत नाही. आपण केली तर चालते.

मी धुळ्याला असते. सासर तिथलं, नोकरीही तिथलीच. इमारतीच्या सांगाड्याचं गणित करायचं, तुळई किती जाडीची, खांब कुठं, बोल्ट किती, असं माझं काम. मला भांडायला फार आवडतं असं लोक म्हणतात. आवडत नाही, पण समोरचा चुकीचं बोलला की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही. नाना म्हणायचे, ‘ही जल्मली तीच वकील व्हऊन, फी तेवढी घेत नई.’ नाना म्हणजे माझे वडील. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. त्यांच्याजवळ पिंप्राळ्याला माझा धाकटा भाऊ राहायचा, लग्नाचं बघणं चालू होतं. तो रिक्षा चालवायचा, आणि सगळ्या वसाहतीची फुकटची कामं करायचा. कोणाचं सिलिंडर आण, कोणाच्या म्हातारीला दवाखान्यात ने. मी ओरडले की म्हणायचा, ‘अक्का, तू धुळ्याहून ओरड, इथंवर आवाज येतो.’

आई गेली ती किडनीच्या दुखण्यानं. खूप हाल झाले. ती गेल्यावर नानांनी तिच्या नावानं विहाराला काहीतरी द्यायचं असं मनात धरलं होतं, पण पंखा नको म्हणाले. ‘तिले गरगर फिरवू नको,’ म्हणाले. मग छताचं निघालं.

विहाराला तेव्हा पत्रे होते. जळगावचा उन्हाळा ज्यानं भोगलाय त्याला सांगायला नको. दुपारी आत बसलं की माणूस भाकरीसारखं दोन्हीकडून भाजून निघायचं. जाड लाकडाचं, कौलांचं उंच छत करायचं ठरलं, आणि लाकूड कुठून आणायचं याचं उत्तर वसाहतीतच होतं. आमच्यातली बरीच घरं यावलकडच्या खेड्यांतून आलेली. तिकडची जुनी धाब्याची, सपाट मातीच्या छताची घरं पाडून सिमेंटची घरकुलं झाली होती, आणि धाब्याचं सागवान परसात उन्हापावसात पडून होतं. ठरलं की घरटी एक लाकूड द्यायचं. लोकांनी टेम्पो भरभरून आणलं. काळं पडलेलं, धुराचा वास असलेलं, पण आतून तांबूस, दणकट. सुतारानं रंधा मारला तेव्हा बायका हात फिरवून बघत होत्या की आपलं कोणतं.

अडचण एकच होती. ही लाकडं धाब्याच्या खणांची, म्हणजे आखूड. हॉलच्या रुंदीला एकही पुरत नव्हतं. एका घरचं लाकूड दुसऱ्या घरच्या लाकडाला जोडल्याशिवाय तुळई होणार नव्हती. जोडायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी स्टीलच्या प्लेटी लावून आरपार बोल्ट. ते काम माझ्याकडे आलं, आणि मी आनंदानं घेतलं. दाराच्या आतल्या तुळईत नानांच्या गावच्या घराचं लाकूड आणि आईच्या माहेरचं, माझ्या मामाच्या घरचं लाकूड असं एकमेकांना भिडलं होतं. नाना म्हणाले, ‘हा जोड तुझ्या मायचा.’

आणि बघताबघता प्रत्येक जोड कोणाचा ना कोणाचा झाला. वर्कशॉपातला नानांचा एक जुना मित्र स्टीलवर अक्षरं कोरायचा. प्लेटीवर ‘कालकथित’ कोरून झालं, सुंदर वळणदार. मग मी तोंड उघडलं.

मी म्हटलं, प्लेटी उघड्या ठेवायच्या नाहीत. वर जाड सागवानी फळी बसवायची, प्लेट आणि बोल्टांची डोकी पूर्ण झाकायची.

विहारात मीटिंग होती. एकदम गलका झाला. अध्यक्ष शाळेतून रिटायर झालेले मास्तर, ते म्हणाले, ‘ताई, एवढं खर्चून कोरून घेतलं ते झाकायला?’ धुळ्याकडची एक मावशी नानांच्या शेजारी राहते, ती उभीच राहिली. ‘व माय, नाव झाकी टाकं तं कोणले दिसई?’ सगळे हसले. नाना हसले नाहीत. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जणू मी त्यांच्याच घरात चोरी केली.

मी मावशीलाच विचारलं, ‘मावशी, चुलीत लाकूड पेटलंय, ते मागच्या टोकाला धरून तुम्ही आत सारता की नाही?’

‘सारस ना.’

‘हात भाजतो?’

‘नही.’

‘आणि उलथणं चुलीत राहिलं तर? धराल दांडा?’

मावशीनं नुसतीच जीभ चावली. बायकांना पटकन कळलं, पुरुषांना जरा वेळ लागला. मी सांगितलं की जाड लाकूड आगीत सापडलं तर बाहेरून जळतं, वर कोळशाचा थर बसतो, आणि तो थरच आतल्या लाकडाला सांभाळतो. घातकी असतं ते जोडाचं लोखंड. ते आग लगेच पितं, बोल्टांतून लाकडाच्या पोटात नेतं, आतून कोळसा करतं, आणि स्वतःही तापून मऊ पडतं. तुळई शाबूत असते आणि जोड सुटतो. फळी लावली की फळी आधी जळत बसते, तोवर लोखंड गार राहतं. आग लागली तर छत वाचवणं आपल्या हातात नाही, आतल्या माणसांना बाहेर पडायला वेळ मिळाला म्हणजे झालं.

‘आग कशाला लागेल विहाराला? शुभ बोला,’ कोणीतरी म्हणालं. मी म्हटलं, ‘मी शुभ बोलते, तुम्ही फळी लावा.’ माझा धाकटा मागून म्हणाला, ‘लावून टाका राजेहो, नाहीतर ही धुळ्याची बस चुकवंल अन् मुक्कामाला थांबंल.’ त्यावर सगळे पुन्हा हसले आणि ठराव झाला. नाव आत स्टीलवर राहील, आणि वर फळीवर तेच नाव रंगानं लिहायचं. नानांनी घरी आल्यावर मला चहा दिला. जेवताना एवढंच म्हणाले, ‘रंग उडून जातो, बाई. कोरलेलं ऱ्हातं.’

मी म्हटलं, ‘उडाला की पुन्हा लिहू.’

छत देखणं झालं. पहिल्या उन्हाळ्यात लोक दुपारी घरी न जाता विहारातच पडून राहायचे. सकाळी वंदना, दुपारी बायकांचा शिवणवर्ग, संध्याकाळी पोरांचा अभ्यास. शिवणवर्गाला मशिनी दान म्हणून आल्या होत्या, आणि त्यांच्यावरही नावं होतीच, सांगायला नको.

तो मे महिना होता. दुपारी आग लागली ती मागच्या खोलीत. तिथं मंडपाचे पडदे, गाद्या, सतरंज्या ठेवलेल्या, आणि भिंतीतून जुनी वायर गेलेली. ठिणगी कुठून आली याला आता अर्थ नाही. कापूस आणि कापड, त्यात तो उन्हाळा. बायका आरडाओरडा करत बाहेर पडल्या. भाऊ नाक्यावरून धावत आला. सगळ्या बाहेर आल्यात ना, हे आधी बघितलं, मग मशिनी काढायला लागला. बायका रडत होत्या ना, त्यांच्या पोटाचा घास होता तो. एकेक मशीन उचलून बाहेर आणून ठेवायचा आणि परत आत. मावशी मला सांगत होती, आम्ही ओरडत होतो, आग लागो त्या मशिनीले, बाहेर ये रे बाबा. शेवटचं एक राहिलं होतं म्हणून तो गेला. ते घेऊन तो दाराकडे वळला आणि वरचा जोड सुटला. तुळई दारातच त्याच्या अंगावर आली. बंब वेळेवर पोचला होता, पाणी चालू होतं, कोणाला बोल लावायला जागा नाही.

मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. धुळ्याहून जळगावची बस मी आयुष्यभर धरलीय, पारोळा, एरंडोल, सगळे थांबे तोंडपाठ. त्या दिवशी एरंडोलला कंडक्टरनं चहाला बस थांबवली. मी त्याच्या अंगावर इतकी ओरडले की तो बिचारा ड्रायव्हरला घेऊन चहा न पिताच चढला. पोचले तेव्हा नाना सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. बसा म्हटलं तर बसेनात. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आलीस? जेवलीस का?’ मी त्यांच्या शर्टाला धरून रडले. ते रडले नाहीत.

अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी अध्यक्ष घरी आले. हात जोडून म्हणाले, ताई, आत्ता सांगू नये, पण उरलेलं छत कोसळण्यासारखं आहे का, पोरं आजूबाजूला खेळतात, तुम्हीच बघून सांगा. मी गेले. दुसऱ्या कोणी बघितलेलं मला चाललं नसतं.

आत ओल्या राखेचा वास होता. कौलं फुटून खाली आलेली. वर बघितलं आणि मी तिथंच थांबले. तुळया जागेवर होत्या. काळ्या पडलेल्या, मगरीच्या पाठीसारख्या भेगा गेलेल्या, पण जागेवर. शिडी लावून चढले. प्रत्येक जोडावरची फळी जळून पातळ झाली होती, काही ठिकाणी नुसता पापुद्रा उरला होता. तो नखानं काढला की आत प्लेट सरळ, बोल्ट घट्ट, कोरलेलं नाव स्वच्छ वाचता येत होतं. सगळे जोड धरून होते. एक सोडून.

मी खाली उतरले. दारातल्या तुळईची दोन्ही लाकडं अजून खाली पडलेली होती. नानांच्या गावचं आणि मामाच्या घरचं. दोन्ही आतून चांगली जाड शाबूत. मधला जोड तेवढा गेलेला. प्लेटी वाकून बाहेर आलेल्या, बोल्टांभोवतीची भोकं आतून जळून लांबुळकी झालेली. आणि या जोडावर फळी नव्हती. जळून गेली असती तर स्क्रूंच्या जागी काहीतरी उरलं असतं. इतर सगळ्या जोडांवर स्क्रू तसेच होते, कोळशात रुतलेले. इथं स्क्रूच नव्हते. कोणीतरी नीट, पान्या-पेचकसानं, आधीच काढले होते.

मी प्लेट उलटून बघितली. आईचं नाव.

तिथून कशी निघाले आठवत नाही. घरी आले. नाना झोपले होते, किंवा डोळे मिटून पडले होते. मी माळ्यावर चढले, कारण आमच्या घरात जे कोणाला दाखवायचं नसतं ते माळ्यावर असतं. आईच्या जुन्या लुगड्यात फळी गुंडाळलेली होती. तिच्यावरचा जुना रंग खरवडून काढला होता, आणि नव्या लाल रंगानं ‘कालकथित’ एवढं लिहून झालं होतं. त्याच्यापुढं पेन्सिलीनं आखलेल्या रेघा नुसत्या. शेजारी पेंटचा छोटा डबा, ब्रश वाळून खडंग झालेला. म्हणजे त्यांनी ती रंग द्यायला काढली होती. आणि मग परत लावली नव्हती.

का लावली नाही ते मला विचारायची गरज नव्हती. फळी निघाल्यावर आतलं कोरलेलं नाव दिसलं असणार. रोज वंदनेला जाताना दारातून आत शिरलं की समोर वर बायकोचं नाव चमकतंय. कोणता माणूस ते पुन्हा झाकेल?

मी फळी होती तशी गुंडाळली. खाली उतरले. आणि ठरवलं, हे नानांना कधीही कळता कामा नये. म्हणजे फळी त्यांनी काढली हे त्यांना ठाऊकच होतं. पण तोच जोड आधी सुटला, बाकी सगळे टिकले, हे कळू द्यायचं नाही. त्यांचा समज असेल की आगीत सगळंच गेलं, तसाच राहू दे. पोरगा गेला, तो आपल्या हातानं गेला हे कळलं तर माणूस जगेल कशाला? मला माहेरचं दुसरं कोणी उरलं नव्हतं हो. एवढं एकच माणूस होतं.

त्यांनी विचारलंच. संध्याकाळी मी जेवायला वाढत होते तेव्हा. ‘पाह्यलं?’

‘पाहिलं.’

‘काय झालं व्हतं?’

‘सगळंच एकदम गेलं, नाना. आग मोठी होती.’

ते भाकरी मोडत राहिले. ‘बरं,’ म्हणाले.

त्या खोट्यानं उट्टं काढावं तसा मला नंतर त्रास दिला. भावाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक पांगले, आणि थोड्या दिवसांनी नव्या छतासाठी मीटिंग बोलावली. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकून, दिवस कलल्यावर. मी धुळ्याहून आले. नाना पुढे बसले होते. मी सांगितलं की लाकूड टिकलंय, बऱ्याच तुळया तासून पुन्हा वापरता येतील, फळ्यांनी काम केलंय. नानांना सांगितलं होतं त्याच्या हे उलट होतं, पण वाचलेलं लाकूड सगळ्यांना दिसतच होतं; दारातल्या जोडाचं नाव मी तेवढं घेतलं नाही.

अध्यक्षांनी सरळ प्रश्न टाकला. सरळ प्रश्नाचाच धाक असतो. ‘मग ताई, दारातला जोड कसा सुटला? त्याच्यावर पण फळी होतीच की.’

सगळे माझ्याकडे बघत होते. नाना जमिनीकडे. मी म्हटलं, ‘दारातून वारा आत येत होता. तिथं आग जास्त भडकली. फळी असूनही... कधीकधी होतं असं.’

आयुष्यात मी कामाच्या बाबतीत खोटं बोलले नव्हते. घरात बोलले असेन, सासूशी तर शंभरदा, पण कामात नाही. आणि लगेच त्याची फळं आली. एक जण म्हणाला, मग फळीचा उपयोग काय? माणूस जायचा तो गेलाच ना? दुसरा म्हणाला, लाकूडच नको, सगळं लोखंडी करा, लोखंड जळत नाही. अध्यक्षांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते म्हणाले, ‘माझं ऐका. आपलं लाकूड आपल्या घरांचं आहे, ते ठेवू. पण या वेळी प्लेटी उघड्या ठेवू. झाकून काय मिळालं? आणि दारातल्या जोडावर आपल्या या पोराचं नाव कोरू. मोठ्या अक्षरात. आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी तेच दिसलं पाहिजे.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका डोळे पुसत होत्या. मी नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागणार होतं, आणि हो म्हटलं तर उद्या त्याच दाराखाली दुसऱ्या कोणाचं पोर. मी पाण्याचा ग्लास हातात घेऊन नुसती उभी राहिले.

नाना उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश.

‘थांबा,’ म्हणाले. ‘माही पोरगी खोटं बोलू राहिली. माह्यासाठी बोलू राहिली.’

मी ‘नाना, बसा’ म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

‘वारा-बिरा काई नई. त्या जोडाची फळी मी काढली व्हती. रंग उडाला व्हता, लिहायले काढली. अन् मंग तिचं नाव असं दिसाले लागलं का मले वाटलं, ऱ्हाऊ दे थोडे दिवस. रोज म्हने उद्या लावतो, उद्या लावतो. आग लागली तव्हा मी दारासमोर पाइप धरून उभा व्हतो. वर पाहू राहिलो व्हतो. बठ्ठे जोड धरून व्हते. तोच एक वाकला. लोखंड तापल्यावर कसं वाकतं ते मले कोणी शिकवायचं नई, जिंदगी वर्कशॉपात गेली. मी हाका मारल्या. त्याच्या हातात मशीन व्हतं, त्याले वाटलं मी लवकर चाल म्हनतो.’

अध्यक्ष त्यांना बसवायला उठले, नानांनी हातानंच थांबवलं.

‘नाव कोनाचंच उघडं ठेवायचं नई. माह्या पोराचं तं नईच नई. झाकून टाका. ही सांगते तसं झाका.’

एवढं बोलून ते चपला घालायला लागले. चपला उलट्या पायांत घालत होते. मावशी पुढं झाली, तिनं खाली बसून त्यांच्या चपला सरळ केल्या.

छत पुढे झालं. लाकूड तेच, जोड झाकलेले, फळ्या आता अशा बसवल्यात की काढायच्या तर सुतारच बोलवावा लागेल. ते सगळं नीट झालं, पण ते सांगायला मी बसलेली नाही. मला सांगायचंय ते त्या दिवशी मीटिंगमधून घरी जातानाचं.

मी त्यांच्या मागे धावले. गल्लीत दिवे लागत होते, कोणाकडे तरी लसणाची फोडणी पडत होती. मला इतका राग आला होता की मी रस्त्यातच ओरडले, ‘तुम्हाला ठाऊक होतं तर मला सांगितलं का नाही? मी एकटी उरावर धोंडा घेऊन फिरत होते.’

‘तू सांगतं का, ते पाहू राहिलो व्हतो,’ नाना म्हणाले. ‘नई सांगितलंस. म्हटलं, पोरीले तेवढंच समाधान असंल तं असू दे.’

म्हणजे इतके दिवस आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवत होतो आणि दोघंही एकमेकांना वाचवत होतो. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आम्ही चालत आलो. मग ते म्हणाले, ‘बाई, एक विचारू? खरं सांगशीन?’

‘विचारा.’

‘फळी असती तं तो जोड किती येळ धरला असता?’

मी म्हटलं, ‘नाना, असं नक्की नाही सांगता येत. आग किती, लाकूड किती जुनं, बोल्ट...’

‘साहेबाच्या भाषेत बोलू नको. बाकीचे जोड शेवटपर्यंत ऱ्हायले. त्याले फक्त दाराबाहेर पडायचं व्हतं. मशीन घेऊन का व्हईना. तेवढा येळ भेटला असता का?’

शिडीवरून उतरले त्याच दिवशी ते गणित माझ्या डोक्यात होऊन बसलं होतं. कागद लागला नव्हता. मी ते किती वेळा पुसायचा प्रयत्न केला, दरवेळी उत्तर तेच यायचं. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

‘भेटला असता, नाना,’ मी म्हटलं. ‘आरामात भेटला असता.’

त्यांनी मान हलवली, जशी दुकानातला भाव पटल्यावर माणूस हलवतो. मग वाटेतल्या एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसले. हॉस्पिटलात रडले नव्हते, स्मशानात रडले नव्हते. तिथं बसून ते मोठ्यानं रडायला लागले, येणारे-जाणारे थांबून बघत होते, आणि ते माझा हात धरून मलाच समजावल्यासारखं परत परत म्हणत होते, ‘आला असता व बाई. माहा पोरगा घरी आला असता.’